झुल्मिराचं चादरीचं गाणं

झुल्मिरा चौदाव्या वर्षी आईच्या मागोमाग खळ्यावर कामाला आली. समुद्रकाठच्या आमच्या गाफान्या गावात खळं म्हणजे धान्याचं नव्हे, माशाचं. ऑक्टोबरात, पावसाळी दिवस सुरू व्हायच्या सुमाराला, जहाजं न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडकडून परत यायची, पोटात मिठात दाबून भरलेला बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, घेऊन. तो बायकांनी धुवायचा, दोघी-दोघींनी लाकडी पाट्यावर घालून उचलायचा आणि तारेच्या लांबच लांब मांडवांवर उन्हावाऱ्यात पसरायचा. ऊन चढलं की गोळा करायचा, नाहीतर मासा भाजतो. ढग आले की गोळा करायचा, नाहीतर मासा रडतो. म्हणजे पसरायचा आणि गोळा करायचा, बायकांचा अख्खा हिवाळा यातच जायचा.

सकाळी खाडीवर धुकं असलं की पाणी कुठं संपलं आणि मिठागरं कुठं सुरू झाली हे कुणालाच सांगता यायचं नाही. गवतानं शाकारलेले मिठाचे ढीग जमिनीपासून वीतभर वर तरंगत असायचे. मांडवांच्या रांगांमधून बायका चालायच्या तेव्हा त्यांचे पाय दिसायचे नाहीत, नुसत्या टोप्या आणि रुमाल पुढं सरकताना दिसायचे. अशा वेळी झुल्मिराचं गाणं सुरू व्हायचं. ते कुठून येतंय ते कळायचं नाही. एकदा डावीकडून, एकदा मागून. आवाज मोठा नव्हता, पण पातळ पाण्यासारखा सगळीकडे पोचायचा.

खळ्याची मुकादमीण एर्मीनियाबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळाला कायमची आठी.

"ए पोरी! तोंड चालतंय तेवढे हात चालव."

"हात चालतायत, बाई. तोंड त्यांना ताल देतंय."

"उलट बोलू नकोस."

"बरं, सुलट गाते."

बायका हसायच्या. एर्मीनियाबाईच्या लक्षात आलं, की पोरगी गायला लागली की पाटे लवकर फिरतात. ती रागं भरायची थांबली नाही, पण रागं भरून झाल्यावर लगेच पाठ फिरवून जायला लागली.

झुल्मिरा एकोणीस वर्षांची होती त्या मार्चमधली गोष्ट. तिनं अंगणात चादर वाळत घातली होती. उत्तरेचा वारा उठला, चिमटे तुटले आणि चादर निघाली. झुल्मिरा आणि तिची शेजारीण सेलेश्तीना दोघी मागं धावल्या. चादर बांधावरून गेली, मिठागरांवरून गेली, एकदा खाली बसल्यासारखी झाली, आणि या दोघी हात पुढं करून पोचतायत तोवर पुन्हा उठून समुद्राकडं निघून गेली. दोघी चिखलात उभ्या राहून बघत राहिल्या. ती लहान होत होत पांढऱ्या पक्ष्याएवढी झाली आणि मग दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी पाटा उचलून चालता चालता झुल्मिराच्या तोंडून हे निघालं:

उत्तरेच्या वाऱ्या, चादर माझी नेऊ नको,
नेलीसच तर वाटेत कुठं ठेवू नको;
पाण्यावरती एकटा कुणी काकडतो,
त्याच्या खांद्यावर टाक, नाव माझं घेऊ नको.

"कोण गं हा काकडणारा?" मागची एकजण ओरडली. "आम्हाला कळू तरी दे!"

"कुणी नाही. असाच."

"असाच कसा? चादर पाठवतेयस त्याला!"

पाट्याचं दुसरं टोक आईच्या हातात होतं. आई चालता चालता थांबली. झुल्मिरा सहा वर्षांची असताना तिचा बाप बाकाल्यावच्या मोहिमेवर गेला होता. तिकडं एकेका माणसानं एकेक चपटी होडी घ्यायची, सकाळी जहाजावरून पाण्यात उतरायचं, गळ टाकून होडी भरायची आणि संध्याकाळपर्यंत जहाजाशी परत यायचं. एका धुक्याच्या दिवशी तो परत आला नव्हता. आईनं पाटा पुन्हा नीट धरला आणि म्हणाली, "चल. मागच्यांना अडतंय."

जूनमध्ये रेडिओवाले आले. उन्हाळाभर दूर समुद्रावर असलेल्या गड्यांसाठी घरच्यांचे निरोप ध्वनिमुद्रित करून ते रविवारी ऐकवले जायचे. मच्छीमारांच्या सभागृहात बायकांची रांग लागली. कुणी सांगत होतं गाय व्याली, कुणी सांगत होतं सासऱ्याचा खोकला बरा आहे, कुणी नुसतंच रडून उठत होतं. सेलेश्तीनाचा नवरा 'रोझा दो नोर्ते' जहाजावर होता. तिनं निरोप आठवडाभर पाठ केला होता. पण समोर ते बोलायचं लोखंडी बोंडूक आलं आणि तिची दातखीळ बसली.

"बोला बाई," रेडिओवाला म्हणाला. "फीत फिरतेय."

सेलेश्तीनानं झुल्मिराला कोपरानं ढोसलं. "तूच म्हण काहीतरी."

"नवरा तुझा, आणि मी काय म्हणू?"

"काहीही म्हण गं, माझ्या आई! फिरतेय म्हणतो ती!"

झुल्मिराला दुसरं काही सुचेना. तिनं डोळे मिटले आणि चादरीचं गाणं म्हटलं. गाणं संपल्यावर रेडिओवाल्यानं विचारलं, "कुणाचं गाणं हे?"

"वाऱ्याचं," सेलेश्तीना म्हणाली. आता तिला वाचा फुटली होती.

ऑक्टोबरात जहाजं आली. खळी पुन्हा भरली. एका दुपारी एक उंच, वाकलेला गडी मांडवांच्या रांगांतून चालत आला. हाताच्या तळव्यांना दोरीनं कापलेल्या भेगा होत्या, गळ्यात लोकरीची पट्टी. तो चार बायकांना विचारत विचारत झुल्मिरापाशी येऊन उभा राहिला. टोपी काढून त्यानं दोन्ही हातांत धरली.

"तुम्हीच झुल्मिरा का? मी आल्बानो. 'रोझा दो नोर्ते'वर होतो."

"बरं मग?"

"तुमचे आभार मानायला आलोय. तुम्ही मला आणलंत."

"कुठून आणलं?"

मग त्यानं सांगितलं. जुलैअखेरचा, संत आनाच्या सणाचा दिवस होता. सकाळी धुकं पडलं आणि जहाज नाहीसं झालं. तो दिवसभर वल्ही मारत राहिला, कुठल्या दिशेनं तेही कळत नव्हतं. होडीत मासे भरलेले, ते त्यानं एकेक करून परत समुद्रात टाकले. पाणी आणि आकाश एकच झालं होतं, कापसासारखं. हात बधिर झाले तेव्हा तो वल्ही आत घेऊन आडवा झाला. आता झोपायचं, असं त्यानं ठरवलं. झोप मोठी गोड येत होती. आणि तेवढ्यात त्याला गाणं ऐकू आलं. उत्तरेच्या वाऱ्या, चादर माझी नेऊ नको. बाईचा आवाज. तो उठला, आवाजाच्या रोखानं वल्ही मारत गेला, आणि धुक्यातून जहाजाची काळी भिंत थेट त्याच्या तोंडापुढं उभी राहिली.

आजूबाजूच्या बायका काम सोडून उभ्या होत्या. एकीनं छातीवर क्रूस काढला.

झुल्मिरानं हात पुसले. "अहो, रेडिओ लागला असेल."

"रेडिओ रविवारी. तो गुरुवार होता."

"संत आनाच्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. तोंडाचा हा एवढा भोपळा! मला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. विचारा हिला."

"खरं आहे," सेलेश्तीना म्हणाली. "आम्ही सगळ्या सणाला गेलो आणि ही घरात फडकं बांधून बसली होती."

आल्बानोनं दोघींकडं शांतपणे पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "पण मी ऐकलं." आणि टोपी घालून निघून गेला.

तो दर रविवारी यायला लागला. खाडीतल्या वाम माशांची जुडी दाराशी ठेवायचा, अंगणात बसायचा, फारसं बोलायचा नाही. झुल्मिराला त्याचं बसणं आवडायचं आणि त्याच वेळी राग यायचा. जे आपण केलंच नाही त्याच्यासाठी हा माणूस आपल्याकडं देवीकडं बघावं तसा बघतो, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. एकदा तिनं आईपाशी मन मोकळं केलं.

"त्याला कुणी दुसरीच हवी आहे गं. धुक्यातली."

आई वाम साफ करत होती. तिनं वर पाहिलं नाही. "त्याला ऐकू आलं म्हणतो, तर येऊ दे की. तुझ्या बापाला काहीच ऐकू आलं नाही."

झुल्मिरानं उठून आईच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेले मासे तिनंच साफ केले. पुढच्या रविवारी आल्बानो आला तेव्हा त्याला जेवायला थांबवून घेतलं.

जहाजं निघायच्या आधी, एप्रिलात लग्न झालं. लग्नाच्या मांडवात वामाचं कालवण, मक्याचा पाव आणि लाल वाईन. 'रोझा दो नोर्ते'चा आचारी पोलिकार्पो पाहुण्यांत होता. पोट पुढं, डोक्याला तुळतुळीत टक्कल. दोन-चार पेले झाल्यावर तो नवरीशेजारी येऊन बसला आणि रडायलाच लागला.

"काय झालं, पोलिकार्पोकाका?"

"पोरी, एक सांगायचं राहून गेलंय. तो आवाज माझा होता."

"कुठला आवाज?"

"अगं, धुक्यात होडी हरवली की आम्ही भोंगा वाजवतो, शंख फुंकतो. त्या दिवशी शंख फुंकून फुंकून पोरांचे गाल फाटले. कप्तान म्हणाला, काहीतरी आवाज करत राहा. मग मी पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, पातेलं बडवत, आणि तुझं गाणं ओरडत होतो. रेडिओवर ऐकल्यापासून जहाजावर सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. मासा कापताना तेच, मीठ लावताना तेच. दुसरं मला येतच नाही."

झुल्मिराला हसू फुटलं. ती हसता हसता डोक्याच्या रुमालानं डोळे पुसायला लागली. "आल्बानो! इकडं ये! हे बघ, तुझी धुक्यातली बाई!"

आल्बानोनं सगळं ऐकून घेतलं. "नाही," तो म्हणाला. "बाईचा आवाज होता."

"अरे, थंडीनं माझा आवाज चिरकला होता!"

"तू कसं म्हणालास ते म्हणून दाखव."

पोलिकार्पो उभा राहिला, घसा खाकरला आणि भसाड्या आवाजात सुरू झाला: "उत्तरेच्या वाऱ्या, विजार माझी नेऊ नको..."

मांडवभर हशा पिकला. जहाजावरच्या गड्यांनी चादरीची विजार केली होती, आणि पुढच्या ओळी तर पाद्रीबाबांसमोर म्हणण्यासारख्याही राहिल्या नव्हत्या.

"मी ऐकली ती चादर होती," आल्बानो म्हणाला.

"अरे बाबा, गाणारा मी!"

"आणि ऐकणारा मी."

झुल्मिरानं पोलिकार्पोच्या टकलाचा मुका घेतला आणि त्याचा पेला भरला. त्या रात्रीनंतर तिचा राग गेला तो गेलाच. तिला पुष्कळदा वाटायचं, की आपलं गाणं चादरीसारखंच हातातून सुटून कुठंकुठं फिरतंय, कुणाकुणाच्या तोंडी बसतंय, आणि त्यातल्याच एका फेरीत ते याच्या कानाशी गेलं असेल. कसं गेलं हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

आल्बानो दर वर्षी जायचा आणि दर वर्षी यायचा. दोन मुली झाल्या. झुल्मिरा सणासमारंभाला गायची, खाडीतल्या शर्यतींच्या दिवशी उंच वळलेल्या नाकाच्या रंगीत होड्यांवर उभी राहून गायची. जवळपासच्या गावांत तिचं नाव झालं. मग पोर्तोहून एक माणूस आला. तुमच्या गाण्यांची तबकडी काढू म्हणाला. पोर्तोतल्या त्याच्या खोलीत भिंतींना जाड कापड लावलेलं, खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की पाऊस तेही कळेना. सहा वाजंत्री होते, एकही तिच्याकडं बघत नव्हता.

"झुल्मिरा लांबलचक वाटतं," तो माणूस म्हणाला. "मीरा म्हणू या."

"म्हणा. बोलावलंत तर मी वळून बघणार नाही एवढंच."

तबकडी आली तेव्हा तिच्या वेष्टनावर एका होडीत बसलेल्या भलत्याच बाईचं चित्र होतं. केस मोकळे, ओठ लालभडक.

"ही कोण सटवी?" आईनं विचारलं.

"मीच म्हणे."

"तू? या बाईनं आयुष्यात मासा उचलला असेल तर शपथ!"

तबकडी काही चालली नाही. गावातल्यांनी ऐकली, आणि यापेक्षा तू खळ्यावर बरी गातेस म्हणाले. पोर्तोचा माणूस पुन्हा आला नाही.

त्यानंतर तीन-चार हिवाळे गेले असतील. खळ्याच्या कोठारात रेडिओ लावून ठेवलेला असायचा. एका सकाळी त्यातून चादरीचं गाणं यायला लागलं. गाणारी कुणी शहरातली नावाजलेली बाई होती. मागं तंतुवाद्यं झुलत होती. बायका पाटे हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या. गाणं संपलं आणि निवेदक म्हणाला, किनाऱ्यावरचं जुनं लोकगीत, कर्ता अज्ञात.

"अज्ञात?" सेलेश्तीना किंचाळली. "ही काय इथं मीठ झटकत उभी आहे! अज्ञात म्हणे! चल गं, आत्ताच्या आत्ता जाऊ लिस्बनला!"

"आणि काय सांगू?"

"तुझं आहे म्हणून!"

"तूच सांगितलंस ना त्यांना, वाऱ्याचं आहे म्हणून," झुल्मिरा म्हणाली. तिनं हसण्याचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. ती मांडवाकडं गेली आणि मासे पसरायला लागली.

मनाला लागलं होतं. मोठ्या भांडणासारखं नव्हे, नखात काटा राहावा तसं. ती गायची बंद झाली. ठरवून नव्हे. तोंड उघडलं की तिला ती तंतुवाद्यं ऐकू यायची आणि आपलंच गाणं आपण उसनं घेतोय असं वाटायचं. वर्ष गेलं. खळ्यावर पाट्यांचा आवाज आणि वाऱ्याचा आवाज एवढंच उरलं. आल्बानो घरी असताना एकदाच म्हणाला, "घर मोठं झाल्यासारखं वाटतं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग एके दिवशी सकाळी एर्मीनियाबाई मांडवांतून तिच्याकडं आली. म्हातारी झाली होती, पाय सुजलेले. किल्ल्यांचा जुडगा तिला जड व्हायला लागला होता.

"झुल्मिरा."

"काय बाई? हात चालतायत माझे."

"दिसतंय मला." ती मांडवाच्या खांबाला टेकली. "गा गं, बाई. माझे पाय फार दुखतात. तू गायचीस तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी पोचायचे ते कळायचं नाही."

इतक्या वर्षांत या बाईनं कधी चांगला शब्द काढला नव्हता. आणि आता धुकं दोघींच्या कमरेपर्यंत आलेलं, आणि ही किल्ल्या घट्ट धरून, खाली बघत, उभी.

"चादरीचं नको असलं तर दुसरं गा," एर्मीनियाबाई म्हणाली.

"चादरीचंच गाते," झुल्मिरा म्हणाली. "पण विजारीचं."

तिनं पोलिकार्पोच्या ओळी म्हटल्या, पाद्रीबाबांसमोर न चालणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या. पलीकडच्या रांगेतून कुणीतरी खो-खो हसलं. मग धुक्यातून दुसरा आवाज आला, तिसरा आला, आणि अख्खं खळं विजारीचं गाणं गायला लागलं. एर्मीनियाबाईनं तोंडावर हात धरला होता, पण तिचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून झुल्मिरा पुन्हा गायला लागली. कधी चादर, कधी विजार, आणि शहरातल्या बाईनं घातलेली एक हरकत आवडली होती तीही तिनं बिनदिक्कत उचलली.

पुढं एकेकट्याच्या होड्यांचे दिवस संपले. आल्बानो शेवटच्या मोहिमेवरून आला आणि खाडीत वाम धरायला लागला. बाकाल्याव बंद खोल्यांत गरम हवेवर वाळायला लागला, खळ्यांच्या तारा गंजल्या, मांडवांतून गवत वाढलं. झुल्मिराचं नाव रेडिओवर कधी कुणी घेतलं नाही. ती रविवारी एका खानावळीत गायची. जेवायला आलेले लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग वामाचं कालवण आणखी मागायचे.

म्हातारपणी आल्बानोचा खुबा गेला. दोन काठ्या घेऊनही चालवेना. झुल्मिरा शेजारच्या आवेइरो शहरात संत गोंसालिन्योच्या देवळात गेली. तो हाडांची दुखणी बरी करणारा संत. तिनं त्याला सांगितलं, याला चालव, मी तुझ्या देवळाच्या छपरावरून गोड पाव उधळीन. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, संतानं काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण वसंतात आल्बानो एका काठीवर खाडीपर्यंत जाऊन आला.

जानेवारीत संताच्या सणाला झुल्मिरा देवळाच्या अरुंद जिन्यानं पिशवी ओढत छपरावर चढली. सेलेश्तीना मागून ढकलत होती.

"पुढं हो की! नवस तुझा आणि दम माझा निघतोय."

"तू गप्प बस. तुला फक्त ढकलायला आणलंय."

वर कठड्याशी वारा होता. खाली गल्ल्या माणसांनी भरलेल्या, उलट्या धरलेल्या छत्र्या, लांब काठ्यांना बांधलेली जाळी, वर उचललेले हात. साखरेत घोळवलेले ते पाव दगडासारखे कडक असतात, डोक्यावर बसला तर टेंगूळ ठरलेलं. झुल्मिरानं पहिला पाव हातात घेतला आणि गर्दीत आल्बानोला शोधलं. तो चौकाच्या कडेला काठी टेकून, तोंड वर करून, छत्री न उघडताच उभा होता.

"आल्बानो! डोकं सांभाळ!"

त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पाव दुसरीकडं फेकला, मग दुसरा, तिसरा. हिवाळ्यातलं उतरतं ऊन कालव्याच्या पाण्यावरून वर येत होतं आणि पांढरे पाव त्या उन्हात क्षणभर थांबल्यासारखे दिसायचे, मग सावकाश खाली जायचे. खालून कुणीतरी ओरडलं, "मावशी, इकडं!" दुसरं कुणी ओरडलं, "गाणं म्हणा, मावशी!"

"तोंड भरलंय!" ती ओरडली. खरंच भरलं होतं. पिशवीतला एक फुटका पाव तिनं दाढेखाली धरला होता.

पिशवी रिकामी झाली. सेलेश्तीना म्हणाली, चला आता, दुसऱ्यांचा नंबर आहे. झुल्मिरा कठड्याशी बसली, साखर लागलेली बोटं चाटत. "जाऊ गं," ती म्हणाली. "हा एवढा संपू दे."